मोजलं कोणी, कधी आणि कशानं?

(सातारा येथील युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सांगलीचा. सांगलीच्या माणसाला साताऱ्यात बोलायला उभं केलं की तो पाण्याबद्दल बोलणारच, कारण तुमच्याकडे पडलेला पाऊस दोन दिवसांनी आमच्या दारात येतो. आज मात्र मी चक्रीवादळांच्या एका यादीबद्दल बोलणार आहे. पाण्यावर शेवटी येतो.

गेल्या वर्षी आम्ही चौघांनी एका ऑनलाइन ज्ञानकोशातली प्रबळ चक्रीवादळांची मराठी यादी तपासायला घेतली. दोघं सांगलीचे, दोघं साताऱ्याचे. नाव, तारीख, वाऱ्याचा वेग, मृतांची संख्या असे साधे रकाने होते. दोन रविवारांचं काम वाटलं होतं, चार महिने लागले. 'समुद्र दिसत नाही तिथं बसून वादळं कसली तपासता?' असं घरचे विचारायचे.

पहिला घोळ वाऱ्याच्या वेगाचा. वारा एकसारखा वाहत नाही, म्हणून काही मिनिटांची सरासरी काढतात. आपला हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी घेतो, अमेरिकी संस्था एका मिनिटाची. वेळ जितका कमी, तितका आकडा सहसा मोठा येतो. मे 2021 मधलं तौक्ते घ्या. आपल्या विभागाच्या नोंदीत त्याचा कमाल वेग ताशी 185 किलोमीटर आहे, अमेरिकी नोंदीत सुमारे 220. वादळ एकच आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. पण आमच्या यादीत काही वादळांचा वेग एका नोंदीतून घेतला होता आणि काहींचा दुसरीतून, आणि त्यावरून क्रम लावला होता. एकाचं वजन शेरात आणि दुसऱ्याचं किलोत घेऊन पैलवान कोण ते ठरवावं, तसा प्रकार. अटलांटिकमधली हरिकेनं आणि आपली चक्रीवादळं एकाच जातीची, पण एका यादीत बसवायची तर माप एकच हवं.

आणखी एक कबुली देतो. निसर्ग आणि तौक्ते आपल्याकडची. मोठा आकडा लिहिला की आपलं वादळ यादीत वर जातं, आणि त्याचा मोह होतो. आपलं दुःख मोठं दिसावं असं कुणाला वाटत नाही? आम्ही तौक्तेपुढे 185 च ठेवलं आणि सगळ्या यादीला तीन मिनिटांचं माप लावलं. ज्यांचं तसं माप मिळालं नाही, त्यांचा वेगळा तक्ता केला.

दुसरा घोळ तारखेचा. हा सातारकरांना समजावायला नको. कोयनेचा भूकंप कधी झाला, असं पाटण तालुक्यातल्या कुठल्याही आजीला विचारा. 11 डिसेंबर 1967, पहाटे सव्वाचारनंतर. पण परदेशी यादीत 10 डिसेंबर सापडेल. ती चूक नाही. जागतिक प्रमाणवेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, त्यामुळे आपली पहाट तिकडे आदली रात्र ठरते. वादळांच्या तारखांतही हेच झालं होतं. आम्ही प्रत्येक तारखेपुढे घड्याळ कुठलं ते लिहिलं.

तिसरा घोळ सगळ्यात मोठा. यादीत एक ओळ होती: 6 जून 1882, मुंबई, मृत एक लाख. अंगावर काटाच आला. मग गटातली एक मैत्रीण म्हणाली, 'तेव्हा मुंबईत माणसं किती होती?' 1881 च्या जनगणनेत 7 लाख 73 हजार, 1891 च्या जनगणनेत 8 लाख 21 हजार. म्हणजे आठातला एक माणूस एका दिवसात गेला म्हणायचं, आणि शहर मात्र वाढतच राहिलं. भारतीय हवामान विभाग 1875 मध्येच स्थापन झाला होता. कुलाब्याची वेधशाळा त्याच्याही आधीची. एवढा संहार त्यांच्या नजरेतून सुटेल?

शोधल्यावर कळलं की ही शंका आमच्या आधी इतरांनी घेतली होती. लेखक अमिताव घोष यांनी 'द ग्रेट डिरेंजमेंट' या 2016 च्या पुस्तकात हे वादळ बनावट दिसतं असं म्हटलं आहे. तरी आमच्यातला एक जण अडून बसला, 'इतक्या ठिकाणी छापलंय, सगळे खोटं कसं लिहितील?' आम्ही एकेक ठिकाण मागे मागे तपासत गेलो. प्रत्येकानं दुसऱ्याचं उतरवलं होतं. त्या दिवसाचा साक्षीदार एकही नाही. दहा जणांनी एकाचंच ऐकून सांगितलं, तर साक्षीदार दहा होत नाहीत, एकच राहतो. आणि इथं तो एकही सापडेना. आम्ही ती ओळ यादीतून काढली आणि का काढली ते खाली लिहिलं.

आता घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर.

मारुती चौकाजवळ अब्बांचं शिवणकामाचं दुकान आहे. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला एक रेघ होती, शेजारी '2005' लिहिलेलं. आमच्या घरात ती रेघ म्हणजे पुराचा शेवटचा शब्द. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी चढू लागलं तेव्हा बकरी ईद आठवड्यावर आली होती. गिऱ्हाइकांचे शिवलेले कपडे तयार होते. अब्बांनी ते रेघेच्या वर दोन हात, फळीवर ठेवले आणि कुलूप लावलं. मी कपडे घरी हलवू या म्हणालो, तर म्हणाले, 'रेघेच्या वर पाणी जात नाही.'

त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 मध्ये ते 53 फुटांच्या पुढे गेलं होतं. फळीवरचे सगळे कपडे चिखलात गेले. 12 तारखेला ईद होती. अब्बा दारोदार जाऊन माफी मागत होते.

नंतर चाचांना विचारलं, रेघ कधी मारली होती? ते म्हणाले, 'पाणी उतरायला लागल्यावर दुकानात आलो, तेव्हा होतं तिथं मारली.' म्हणजे ती 2005 च्या सर्वांत मोठ्या पाण्याची रेघ नव्हतीच. शिवाय आधीचा सर्वांत मोठा पूर म्हणजे पुराची मर्यादाही नव्हे. चौदा वर्षं आम्ही ती रेघ पाहत होतो, आणि मोजलं कोणी, कधी, हे एकदाही विचारलं नाही.

म्हणून वादळांची यादी तपासली. सवय लागावी म्हणून.

तुमच्याकडून एवढंच हवं. घरी गेल्यावर आपल्या गावातली पुराची, दरडीची, भूकंपाची एक नोंद घ्या. पाहिलेल्या माणसाला भेटा, ती माणसं म्हातारी होत आहेत. तारीख, वेळ, माप आणि सांगणाऱ्याचं नाव लिहा. त्यांनी स्वतः पाहिलं की ऐकलं, तेही लिहा. आमच्या दुकानात आता नवी रेघ आहे. तिच्या शेजारी इतकं लिहिलंय की अब्बा म्हणतात, ही भिंत आहे की वही!