केसेन नदीकाठची छायाचित्रे



जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर, इवाते प्रांतात, रिकुझेनताकाता नावाचे एक लहानसे शहर आहे. २०११ च्या आरंभी त्याची लोकवस्ती सुमारे २४ हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी होती. केसेन नदी तेथे समुद्रास मिळते. किनाऱ्याने सुमारे दोन किलोमीटर लांबीची पाइन वृक्षांची राई पसरलेली होती. वारा आणि खारा फवारा शेतीपर्यंत पोचू नये, म्हणून सतराव्या शतकापासून गावकऱ्यांनी ती लावून वाढविलेली. तीत सुमारे ७० हजार झाडे होती, असे सांगतात.

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि तासाभराच्या आत त्सुनामीच्या लाटांनी शहराचा सारा सखल भाग पुसून टाकला. सतराशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्यांत नगरपालिकेचे शंभराहून अधिक कर्मचारी होते. राईतील एकच झाड उभे राहिले. त्याची छायाचित्रे जगभर गेली. पण खाऱ्या पाण्याने त्याचीही मुळे कुजली, आणि आज तेथे उभा आहे तो रासायनिक प्रक्रिया करून टिकविलेला बुंधा होय.

नाओया हाताकेयामा हे याच गावचे. १९५८ मध्ये त्यांचा येथे जन्म झाला. पुढे त्सुकुबा विद्यापीठात शिक्षण घेऊन ते टोकियोत स्थायिक झाले व छायाचित्रकार म्हणून नावारूपास आले. त्यांचा विषय मोठा विलक्षण होता: चुनखडीच्या खाणी. डोंगर फोडून काढलेल्या चुनखडीचे सिमेंट होते आणि त्या सिमेंटाची शहरे उभी राहतात. तेव्हा खाण आणि शहर ही एकाच छायाचित्राची निगेटिव्ह व पॉझिटिव्ह रूपे आहेत, असा त्यांचा विचार. सुरुंगाच्या स्फोटाने हवेत उधळलेले खडकही त्यांनी टिपले. त्यांच्या या कामात कोठेही भावविवशता आढळत नाही. दूर उभे राहून, शांतपणे, नेमके पाहणे हीच त्यांची रीत होती.

त्या मार्चमध्ये ते मोटरसायकलवर बसून टोकियोहून उत्तरेकडे निघाले, तेव्हा आई जिवंत आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. आई गेली होती. नदीकाठचे राहते घरही गेले होते. दूर उभे राहण्यास आता जागाच उरली नाही.

येथे एक गोष्ट सांगावयास हवी. गेल्या काही वर्षांत गावी जाणे होई तेव्हा हाताकेयामा सहज म्हणून काही छायाचित्रे काढून ठेवीत. नदीचा काठ, गल्लीतील घरे, ऑगस्टमधला उत्सव, रोजची माणसे. ही चित्रे कलाकृती म्हणून मांडावीत, असा हेतू नव्हता. ती घरगुती होती. लाट येऊन गेली आणि त्याच कागदांचा अर्थ पालटला. चित्रातला एक ठिपकाही बदललेला नव्हता. पण चित्रात जे होते, ते जगात उरले नव्हते.

शासकीय कामकाजाशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना यातले मर्म चटकन उमगेल. रिकुझेनताकाताची नगरपालिका पाण्याखाली गेली, तेव्हा नागरिकांच्या कुटुंबनोंदणीचे मूळ दप्तरही नष्ट झाले. परंतु त्याची दुय्यम प्रत न्याय खात्याच्या कार्यालयात होती आणि तीवरून नोंदणी पुन्हा उभी करता आली. कोणाचा जन्म केव्हा, विवाह कोणाशी, हे सारे परत मिळाले. सायंकाळी नदीच्या वळणावर गाव कसे दिसे, याची दुय्यम प्रत मात्र कोणत्याही कार्यालयात नसते. चिखलात सापडलेले कौटुंबिक आल्बम स्वयंसेवकांनी महिनोन्महिने एकेक चित्र धुऊन का वाळविले, हे यावरून समजते.

हाताकेयामा यांनी आपत्तीनंतरही चित्रे काढणे थांबविले नाही. राडारोडा, मोडक्या इमारती, मोकळ्या चौथऱ्यांवर उगवलेले गवत, बर्फ. प्रेते त्यांत नाहीत, आक्रोश नाही. चित्रांना काव्यमय शीर्षकेही दिलेली नाहीत. तारीख आणि शहरातील भागाचे नाव, एवढेच. पंचनाम्यात असावे तितके. २०११ च्या अखेरीस टोकियोतील छायाचित्र-संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा खाणी व स्फोट यांच्या जोडीला गावची ही दोन्ही प्रकारची चित्रे, आधीची आणि नंतरची, त्यांनी ठेविली. आपले दुःख असे चव्हाट्यावर मांडावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. तो गैर नाही. परंतु ज्याचे घर गेले, त्याने तारीख घालून केलेली नोंद ही प्रदर्शनापेक्षा साक्षीच्या अधिक जवळ जाते.

पुढे पुनर्रचनेचे पर्व आले. साडेबारा मीटर उंचीची सागरी भिंत बांधण्यात आली आणि शहराची जमीनच उचलण्याचे ठरले. त्यासाठी केसेन नदीपलीकडचा डोंगर कापण्यात आला. नदीवरून सुमारे तीन किलोमीटर लांबीचे वाहक पट्टे टाकून जवळजवळ ५० लाख घनमीटर माती पलीकडे नेण्यात आली. ट्रकांनी ज्यास कित्येक वर्षे लागली असती, ते काम सप्टेंबर २०१५ पर्यंत उरकले. जुन्या रस्त्यांवर व चौकांवर काही ठिकाणी दहा मीटरहून अधिक भराव पडला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही मोठी कामगिरी आहे, आणि सुरक्षिततेचा विचार करता तिच्यामागील तळमळ समजण्याजोगी आहे. पण ज्यास आपले जुने दुकान दाखवावयाचे आहे, त्याला आता बोट जमिनीकडे, खाली करावे लागते. ज्या छायाचित्रकाराने उभी हयात डोंगर कापले जाताना पाहिले, त्याच्याच गावचा डोंगर कापला गेला आणि त्याचेच गाव त्याखाली गेले. हाताकेयामा यांनी हेही टिपले, त्याच अलिप्त नेमकेपणाने.

केसेन भागात दरवर्षी ७ ऑगस्टला तानाबाता उत्सवात सजविलेले लाकडी रथ एकमेकांवर आदळवितात. ढोल वाजतात, दोर ओढणारी मंडळी ओरडत असतात. लाटेने गाव नेले त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, घरे नसलेल्या माळावर, हा उत्सव झाला. हाताकेयामा यांच्या जुन्या घरगुती चित्रांत तो आहे, आणि नंतरच्या चित्रांतही. नंतरच्यांत रथामागे घरे दिसत नाहीत. थेट डोंगर दिसतो.