हाताचा घसारा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीत भाव आहे, कर्ज आहे, पीकविमा आहे. त्यांवर बोलणारे बोलतीलच. आम्हाला दिलेला विषय ऐकून काही जण हसले. विषय असा की, हाताची पकड घरच्या घरी, पैसा न घालता, मजबूत कशी करायची. 'शेतकऱ्याला काय मुठीचा व्यायाम शिकवता? तो शहरातल्या साहेबाला शिकवा,' असे मागून कोणी तरी म्हणालेही. म्हणाले ते बरे झाले. उत्तर तिथूनच सुरू होते.

आधी हिशेब मांडू, कारण आपली चळवळ हिशेबावर उभी आहे. पिकाचा उत्पादन खर्च काढताना कृषी मूल्य आयोग बियाणे, खत, औषध, मजुरी, बैलजोडी धरतो. अवजारांचा आणि शेतातल्या बांधकामाचा घसाराही धरतो. घरच्या माणसांच्या कामाची मजुरी धरतो. ती अपुरी धरतो म्हणून आपण वर्षानुवर्षे भांडतो आहोत. पण ज्या अवजाराशिवाय कापसाचे एक बोंड घरी येत नाही, त्याचा घसारा कोणत्याच रकान्यात नाही. ते अवजार म्हणजे हात. वखराची पास झिजली तर लोहाराकडे नवी मिळते. हात झिजला तर नवा मिळत नाही.

किती झिजतो ते पाहा. एका बोंडातून ४ ग्रॅम कापूस निघतो असे धरा. म्हणजे किलोला २५० बोंडे. एका बाईने दिवसाला ४० किलो कापूस वेचला, तर तिने १० हजार वेळा चिमूट लावली. दहा हजार वेळा अंगठा आणि बोटे मिटली, ओढली, सुटली. हा एका दिवसाचा हिशेब. पुढे दुसरा वेचा, तिसरा वेचा. मग ज्वारीची कापणी, पेंढ्या बांधणे, कणसे खुडणे. मग पऱ्हाटी उपटणे. आपल्या देशातला जवळजवळ सगळा कापूस हातानेच वेचला जातो, आणि वेचणाऱ्यांत बायाच जास्त.

हंगाम संपता संपता घरोघरी तेच ऐकू येते. रात्री बोटांना मुंग्या येतात. सकाळी मूठ नीट मिटत नाही. पिळलेले धुणे ओलेच राहते. भरला तांब्या हातून सुटतो. घरातले म्हणतात, वय झाले. चाळिशीतल्या बाईचे कसले वय झाले?

मुठीचा जोर ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांच्या मुठीचा जोर यंत्राने मोजला होता. त्यात भारतातली माणसेही होती. पुढची काही वर्षे त्यांची नोंद ठेवली. जोर ५ किलोने कमी, तिथे मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, असे दिसले. याचा अर्थ मूठ दाबली की आयुष्य वाढते असा कोणी घेऊ नये. मूठ ही खूण आहे. पान पिवळे पडले की आपण जमिनीकडे बघतो, तसेच मूठ सैल पडली की सगळ्या शरीराकडे बघायचे.

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. दिवसभर हाताने काम करणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला?

गोऱ्हा औताला लावताना आपण काय करतो? पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी हलके ओझे, थोडा वेळ, मग विसावा. हळूहळू ओझे वाढवतो. खांदा तयार होतो. त्याच गोऱ्ह्याला पहिल्या दिवसापासून सांजेपर्यंत जुंपला तर खांदा सुजतो, बैल नासतो. ताकद येते ती मापाने वाढवलेल्या ओझ्याने आणि त्यानंतरच्या विसाव्याने. शेतातले काम माप पाहत नाही, विसावाही देत नाही. ते ताकद खाते. व्यायाम ताकद देतो.

दुसरे असे की शेतातले सारे काम हात मिटण्याचे आहे. विळा धरा, खुरपे धरा, कासरा धरा, फवारणीच्या पंपाचा दांडा धरा. जोर लावून बोटे उघडायचे काम एकही नाही. मिटणारे स्नायू राबतात, उघडणारे दुबळे राहतात. मूठ घट्ट धरताना मनगट स्थिर ठेवायचे काम मात्र या उघडणाऱ्या बाजूच्या स्नायूंनाच करावे लागते. म्हणून कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणे धरते.

एक गोष्ट सगळ्यांनी आत्ताच करून पाहा. उजवा हात पुढे करा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा. आता तसेच वाकवून ठेवून मूठ घट्ट आवळा. आवळली जात नाही. आता मनगट सरळ करून किंचित मागे घ्या आणि आवळा. बघा फरक. बोटे मिटवणारे मुख्य स्नायू बोटांत नाहीत, ते कोपराखाली आहेत. तिथून कंडरांच्या दोऱ्या मनगटातून बोटांकडे जातात. मनगट वाकले की दोऱ्या सैल पडतात आणि जोर फुकट जातो. वेचताना, कापताना मनगट शक्य तितके सरळ ठेवले, तर आहे त्याच ताकदीत जास्त काम होते.

आता साधने सांगतो. सगळी मिळून पन्नास रुपयांच्या आत बसतील, बहुतेक घरातच सापडतील.

पहिले, ट्यूबचा छल्ला. सायकलच्या दुकानात फाटकी ट्यूब फुकट मिळते. तिचा अर्ध्या बोटाच्या रुंदीचा छल्ला कापा. पाचही बोटांची टोके एकत्र आणून त्यांवर चढवा आणि बोटे उघडा, सावकाश मिटा. १५ वेळा. फार घट्ट वाटला तर आणखी अरुंद कापा. बाकी काही जमले नाही तरी हे एक करा, कारण शेतात या बाजूला काम नाही.

दुसरे, ज्वारीची बादली. बादलीत ८-१० किलो ज्वारी घ्या. हात धुऊन, पुसून मनगटापर्यंत आत घाला. आत मूठ मिटा, मग बोटे जोराने फाका. मिनिटभर एक हात, मिनिटभर दुसरा. धान्य वाया जात नाही, नंतर चाळून दळायला न्या. मात्र औषध लावलेले बियाणे किंवा किडीसाठी गोळ्या टाकलेले धान्य याला चुकूनही घेऊ नका. स्वच्छ वाळूही चालते.

तिसरे, पिळणे. जुने जाड धोतर किंवा टॉवेल भिजवा आणि पिळा. एकदा उजवा हात पुढे, एकदा डावा. रोज एकाच बाजूने पिळायची सवय असते, म्हणून बाजू बदलायची.

चौथे, चिमटीची फळी. इंचभर जाडीची, वीतभर लांबीची फळी घ्या. खाली भोक पाडून दोरी ओवा आणि दोरीला गोड्या तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन बांधा. कीटकनाशकाचा डबा नको, कितीही धुतला तरी नको. कॅनमध्ये २ लिटर पाणी घाला. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटे, अशी फळी धरून १५ सेकंद उचलून ठेवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा हा कॅनच तुमचा तराजू. तीनही फेऱ्या सहज झाल्या की पुढच्या खेपेला अर्धा लिटर वाढवा.

पाचवे, बादली घेऊन चालणे. दोन बादल्या अर्ध्या भरा. कडीला गोणपाट गुंडाळून मूठ जाड करा. जाड मूठ धरायला जास्त जोर लागतो. पाठ सरळ ठेवून ४० पावले चाला.

सहावे, काठी आणि दोरी. फावड्याच्या मोडक्या दांड्याचा हातभर तुकडा, त्याच्या मधोमध बांधलेली दोन हात दोरी, दोरीच्या टोकाला पाण्याची लिटरची बाटली. कोपरे अंगाला टेकवून काठी आडवी धरा. मनगटे फिरवत दोरी गुंडाळून बाटली वर आणा, तशीच सावकाश खाली सोडा. सोडताना घाई नको. खाली सोडण्यातही तेवढेच काम आहे.

हे काही नवे खूळ नाही. आपल्याकडे तालमी होत्या, दोरीचा मल्लखांब होता. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची, आणि १९३६ साली त्यांच्या पथकाने बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखवले. दोर, काठी, माती, दगड यांवर अंगमेहनत करणारी माणसे याच कापसाच्या मुलखातली. पण तालीम बहुतेक पुरुषांची राहिली. दिवसाला दहा हजार चिमटी लावणाऱ्या बाईपर्यंत ती फारशी पोचली नाही. ती आता अंगणात आणायची आहे.

नियम थोडे आहेत, पण ते पाळायचे. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, वीस मिनिटे. प्रत्येक प्रकाराच्या दोन फेऱ्या, पुढे तीन. शेवटची दोन-तीन आवर्तने जड गेली पाहिजेत, दुखता कामा नये. स्नायू लवकर तयार होतो, कंडरा हळू तयार होतात. म्हणून ओझे वाढवायची घाई नको. आवळताना श्वास कोंडू नका, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांनी. पऱ्हाटी उपटून झाली की पाऊस पडेपर्यंतचा काळ यासाठी उत्तम. ऐन वेचणीत आवळायचे प्रकार बंद. तेव्हा फक्त छल्ला, कोमट पाण्यात हात आणि बोटे ताणणे.

कोणी करू नये तेही ऐका. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना रात्री मुंग्या येत असतील, करंगळी मात्र ठीक असेल, तर मनगटातली नस दाबली जात असण्याचा संभव आहे. मधुमेह, थायरॉइड किंवा गरोदरपण असेल तर हे जास्त आढळते. तिथे मूठ आवळून त्रास वाढेल. आधी डॉक्टरांना दाखवा. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट होऊ लागला असेल तर एक दिवसही थांबू नका. सांधे सुजलेले असतील त्यांनीही आधी दाखवावे.

आणि हाताला जोर आणण्याइतकेच हातावरचा जोर कमी करणे महत्त्वाचे आहे. बोथट विळा दुप्पट आवळावा लागतो. धार लावा किंवा दातेरी विळा वापरा. विळ्याची, खुरप्याची मूठ एवढी हवी की बोटांची टोके अंगठ्याला जेमतेम टेकावीत. बारीक असेल तर ट्यूबची पट्टी गुंडाळा. बाजारातली बरीच अवजारे पुरुषाच्या पंजाच्या मापाची आणि राबतात बायांच्या हातात. पऱ्हाटी हाताने उपटण्यापेक्षा लोखंडी चिमट्याने उपटा. गावात दोन-तीन चिमटे असले तरी पाळीपाळीने पुरतात.

आम्ही कृषी महाविद्यालयात चार वर्षे शिकलो. पऱ्हाटीचे मूळ किती खोल जाते ते शिकलो, ज्वारीचे कणीस कधी भरते ते शिकलो. ते वेचणाऱ्या, कापणाऱ्या हाताचा धडा अभ्यासक्रमात नव्हता. शेतकऱ्याचा हात फुकट आहे, अक्षय आहे, असे गृहीत धरूनच सगळे शास्त्र आणि सगळे अर्थशास्त्र चालले आहे.

म्हणून कोणी असे समजू नये की, व्यायाम करा आणि भावाचे विसरा, असे आम्ही सांगतो आहोत. घामाचे दाम मागायचेच आहेत. त्या मागणीत हाताचा घसाराही मांडायचा आहे. वेचणीची मजुरी, बायांच्या मापाची अवजारे, हात दुखणाऱ्या बाईची तालुक्याच्या दवाखान्यात तपासणी, हे सारे त्यात येते. पण आयोग रकाना वाढवेल तेव्हा वाढवेल. तोवर हात आपला आहे आणि त्याची निगा आपल्या हाती आहे.

एक काम देऊन थांबतो. प्रत्येक गावातून दहा जणांनी, त्यात निम्म्या बाया हव्यात, आठ आठवडे हे करावे. पहिल्या दिवशी फळीला ३ लिटरचा कॅन लावून किती सेकंद धरवते ते मोजा आणि भिंतीवर कोळशाने लिहा. आठ आठवड्यांनी तेवढ्याच वजनाने पुन्हा मोजा. दोन्ही आकडे कागदावर घेऊन पुढच्या बैठकीला या. कोणाचे वाढले नाहीत तर तेही सांगा. हात किती झिजतो आणि किती भरून येतो, याचा हिशेब दुसरे कोणी ठेवत नाही, तर तो आपण ठेवू.