लांबची सफर आणि पाठीवरचे सामान

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



या मेळाव्यात दरवर्षी शिष्यवृत्त्या, स्पर्धा परीक्षा, मुलींचे शिक्षण अशा विषयांवर भाषणे होतात. यंदा चिटणीस साहेबांनी मला सांगितले की, पाठीवर सॅक घेऊन महिना-दोन महिने प्रवासाला निघायचे तर सामान काय घ्यावे आणि कसे भरावे, यावर बोला. हे ऐकून आमच्या शिक्षक खोलीत काहीजण हसले. सामान भरणे हा काय भाषणाचा विषय आहे? परंतु परीक्षा संपली की देश पाहायला निघणारी मुले आता आपल्या मोहल्ल्यातूनही निघू लागली आहेत. कोणी राजस्थान, पंजाब करीत लेहपर्यंत जातो, कोणी हिमाचलात पदभ्रमणाला जातो. जी निघत नाहीत त्यांतली काही केवळ सामानाच्या यादीला भिऊन घरी बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या अकरावीतल्या एका मुलाची उन्हाळी शिबिरासाठी निवड झाली. शिबिरवाल्यांनी बेचाळीस वस्तूंची छापील यादी पाठविली, आणि सोबत दुकानाचे नावही. वडील रिक्षा चालवितात. त्यांनी बेरीज केली, ती चौदा हजारांच्या पुढे गेली. "सर, पोराला पाठवायची इच्छा आहे, पण हे आपल्या लोकांचे काम नाही," असे ते मला म्हणाले. त्यांचे ते वाक्य मला फार लागले. आम्ही दोघे यादी घेऊन बसलो. जवळपास निम्म्या वस्तू घरातच होत्या. सॅक माझी होती, स्लीपिंग बॅग तिथे भाड्याने मिळत होती. विकत घ्यावे लागले ते बूट, पावसाचा पाँचो, लोकरी मोज्यांचे दोन जोड, एक गरम बनियन आणि डोक्याला लावायची बॅटरी. तीन हजारांच्या आसपास खर्च आला, आणि मुलगा गेला.

मी भूगोलाचा शिक्षक आहे, गिर्यारोहक नव्हे. शाळेच्या मुलांबरोबर आठ-नऊ वर्षे सह्याद्रीत आणि दोनदा हिमाचलात हिंडलो, तेवढ्या अनुभवावर बोलतो आहे.

लोकांचा समज असा की प्रवास जितका लांब, तितके सामान अधिक. चार दिवसांना एक बॅग, तर चाळीस दिवसांना चार बॅगा. वास्तविक सात-आठ दिवसांपलीकडे सामान वाढण्याचे कारणच नाही. सात दिवसांचे कपडे धुऊन पुन्हा वापरले की सत्तर दिवस जातात. साबण, टूथपेस्ट, बिस्किटे प्रत्येक गावात मिळतात. म्हणून लांबच्या प्रवासाची सॅक आणि आठवड्याच्या सहलीची सॅक यांत फरक असलाच तर तो औषधांचा आणि कागदपत्रांचा.

दुसरी गोष्ट वजनाची. रेल्वेच्या स्लीपर डब्यात माणशी चाळीस किलो सामान मोफत नेता येते. रेल्वेला चालते, पाठीला चालत नाही. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझे पाठीवर घेऊ नये, आणि रोज उचलायचे असेल तर सहावा हिस्सा बरा. म्हणजे पंचावन्न किलोच्या मुलाने पाण्यासकट नऊ ते अकरा किलोंतच सारे बसवायचे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हेही त्यातच धरायचे. गेल्या वर्षी आमचा एक माजी विद्यार्थी बी.कॉम.ची परीक्षा देऊन पंचेचाळीस दिवसांसाठी निघाला. घरून निघताना सॅक सतरा किलो होती. पाचव्या दिवशी दिल्लीच्या पोस्टातून त्याच्या घरी साडेपाच किलोंचे पार्सल रवाना झाले. आईने उघडून पाहिले, तर जीनच्या दोन पँटी, टर्किश टॉवेल, एक जाडजूड गाइड, इस्त्रीचे दोन शर्ट आणि तिनेच दिलेली लोणच्याची बरणी! लोणचे मात्र न सांडता आले. तो मुलगा पुढचे चाळीस दिवस आनंदात हिंडला. पण गुडघा धरून तो चौथ्याच दिवशी परत फिरणार होता, हे त्याने मला नंतर सांगितले.

सामान गमावूनही प्रवास होतो, याचा मोठा दाखला आपल्या परिचयाचाच आहे. इब्न बतूता इ.स. १३२५ मध्ये एकविसाव्या वर्षी तांजियरहून निघाला. पुढे दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाने त्याला चीनकडे दूत म्हणून पाठविले. त्या वाटेवर तो आपल्या दौलताबादेतही आला होता. बरोबर सुलतानाच्या भेटवस्तूंचा डोंगर होता. कालिकतच्या किनाऱ्यावर वादळात भेटवस्तूंचे जहाज फुटले, आणि त्याचे स्वतःचे सामान ज्यात होते ते दुसरे जहाज त्याला किनाऱ्यावर सोडून निघून गेले. त्याच्याच वृत्तांताप्रमाणे जवळ उरले दहा दिनार आणि निजायची सतरंजी. त्यानंतरही तो मालदीव, लंका करीत पुढे चीनच्या दिशेने गेलाच.

आता सॅक. दुकानात मुले रंग आणि खिसे पाहतात. आधी पाठ मोजावी. मान पुढे वाकविली की मानेच्या मुळाशी हाडाचा उंचवटा लागतो. तिथून खाली, कंबरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडांवर हात ठेवले असता दोन्ही अंगठे पाठीच्या कण्यावर जिथे येतात तिथपर्यंत, शिंप्याच्या टेपने अंतर घ्यावे. ती तुमच्या पाठीची लांबी. उंच मुलाची पाठ आखूड असू शकते, म्हणून उंचीवरून अंदाज करू नये. मुलींच्या बाबतीत ही चूक फार होते. थोरल्या भावाची सॅक दिली जाते, पट्टा कंबरेच्या खाली येतो आणि सारा भार खांद्यांवर पडतो. मग "मुलींना ओझे झेपत नाही" असे म्हणायला आपण मोकळे! झेपत नाही ते ओझे नव्हे, चुकीच्या मापाची सॅक असते.

सॅकचा कंबरपट्टा हा तिचा प्राण आहे. पट्टा जाड आणि भरीव हवा, आणि तो पोटावर नव्हे तर कंबरेच्या हाडांवर बसला पाहिजे. सॅक चढविल्यावर आधी कंबरपट्टा आवळावा, मग खांद्याचे पट्टे, शेवटी छातीचा. असे केले की बहुतेक भार पायांवर उतरतो आणि खांदे फक्त तोल सांभाळतात. आकार म्हणाल तर चाळीस ते पन्नास लिटर पुरे. सत्तर लिटरची घेतली तर सत्तर लिटर भरली जाते. रिकामी जागा माणसाला बघवत नाही.

भरताना झोपायचे सामान तळाशी. जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यभागी. जड वस्तू बाहेरच्या बाजूला गेली तर ती माणसाला मागे ओढते आणि तो दिवसभर वाकून चालतो. पावसाचे कपडे अगदी वर, कारण पाऊस आल्यावर सारी सॅक उपसण्यात अर्थ नाही. सॅकवर जे कव्हर चढवितात त्यावर फार विसंबू नये. पाठीच्या बाजूने पाणी आत शिरतेच. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात सामान भरावे. आपण कोकणातली माणसे, जुलैचा पाऊस आपल्याला शिकवायला नको.

पण कपड्यांच्या बाबतीत कोकणातले शहाणपण तिकडे उलटे पडते, आणि इथे मी पालकांचे विशेष लक्ष मागतो. आपण सुती कपड्यांचे गुण गातो, ते आपल्या हवेत बरोबर आहे. सूत घाम शोषते आणि घाम वाळताना अंग गार होते. परंतु दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. म्हणजे केवळ उंचीमुळे समुद्रकाठच्या मानाने वीस-बावीस अंशांचा फरक पडतो. तिथे घामाने भिजलेला सुती बनियन अंगातली ऊब खेचून घेतो. वारा सुटला तर थंडी हाडांत शिरते, बोटे काम करीनाशी होतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. असा माणूस दगावूही शकतो, आणि त्यासाठी बर्फच पडावा लागतो असे नाही. भिजणे आणि वारा एवढे पुरते.

म्हणून अंगालगत लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडविणारे जाकीट. एकाच जाड कोटापेक्षा हे तीन थर बरे, कारण थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरते आणि चालताना गरम झाले की एक थर काढता येतो. आजीने विणलेला लोकरीचा स्वेटर असेल तर तो लाख मोलाचा. ओला झाला तरी लोकर बरीचशी ऊब राखते. पिसांची महागडी जाकिटे ओली झाली की निरुपयोगी होतात. रात्रीचा एक कोरडा जोड वेगळ्या पिशवीत बांधून ठेवावा आणि कितीही मोह झाला तरी तो दिवसा घालू नये.

जीनची पँट घरी ठेवा. एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही. मुलींची सैल सलवार त्या मानाने कितीतरी सोयीची. ती लवकर वाळते आणि चढताना अडत नाही. टर्किश टॉवेलऐवजी पंचा किंवा आपली लुंगी घ्या. ही लुंगी म्हणजे टॉवेल, चादर, कपडे बदलायचा आडोसा आणि वेळप्रसंगी गाठोडे, सारे काही आहे. सोलापुरी चादर मला प्रिय आहे, पण ती पलंगावर. जानमाज न्यायची तर पातळ सुती न्यावी, मखमलीची नको. वुजू आणि शौचासाठी टमरेल नेण्याची गरज नाही, लिटरची एक जादा रिकामी बाटली पुरते.

बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसाअखेर पाय थोडे फुगलेले असतात. मोजे घालून, पुढे बोटभर जागा ठेवून पाहावे. नवे बूट थेट प्रवासाला नेऊ नयेत. महिनाभर बाजारहाट, शाळा, सारे त्यातच करावे. टाचेला फोड आला की सर्वांत भारी सॅकसुद्धा कुचकामी ठरते. जिथे चुरचुरू लागते तिथे फोड येण्याआधीच चिकटपट्टी लावावी.

औषधांत रोजची स्वतःची औषधे चिठ्ठीसह, तापाच्या गोळ्या, मलम, पट्ट्या आणि जलसंजीवनीची पाकिटे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. उंचीवरच्या त्रासाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मुलींनी लागणारे पॅड घरूनच न्यावेत, डोंगरातल्या दुकानांचा भरवसा नसतो. ओळखपत्राच्या दोन झेरॉक्स, पैसे दोन ठिकाणी विभागून, एक शिट्टी. पॉवर बँक विमानात हातातल्या पिशवीतच न्यावी लागते, आणि शंभर वॅट-अवरपर्यंतच विनापरवानगी चालते. नेहमीची वीस हजारांची त्यात बसते. गॅसची डबी किंवा रॉकेल रेल्वेत नेणे गुन्हा आहे. स्वयंपाकाची हौस मुक्कामी भागवावी.

माता-भगिनींची क्षमा मागून खाण्याबद्दल एक शब्द. चिवड्याच्या पिशवीत अर्धी हवा असते. त्याच जागेत खजूर, चिक्की, शेंगदाणे तिप्पट पोट भरतात. नानखटाई दोन दिवसांत चुरा होते. तरी आई देणारच आणि मुलगा नाही म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे. निदान बरणीऐवजी पिशवीत द्यावी.

निघण्याच्या दहा दिवस आधी सारे सामान एका चादरीवर मांडावे. भाजीवाल्याकडचा ताणकाटा मागून आणावा आणि भरलेली सॅक लावून पाहावी. मग ती घेऊन पाच-सात किलोमीटर चालून यावे, जवळच्या किल्ल्याच्या पायऱ्या चढाव्यात. घरी आल्यावर "लागेल कदाचित" असे ज्या वस्तूंबद्दल वाटते त्या बाहेर काढाव्यात. पावसाचे कपडे, औषधे आणि कोरडा जोड मात्र काढायचा नाही.

शेवटी संस्थेला एक विनंती. चांगली सॅक सात-आठ वर्षे टिकते आणि एक मुलगा ती वर्षातून महिनाभर वापरतो. वसतिगृहाच्या जुन्या कोठीत एक लोखंडी कपाट रिकामे आहे. संस्थेने त्यात दहा सॅक ठेवाव्यात, त्यांतल्या चार आखूड पाठीच्या, मुलींसाठी. पाच-सहा स्लीपिंग बॅगा आणि पाँचो ठेवावेत. दोनशे रुपये अनामत, वस्तू स्वच्छ परत आली की पैसे परत. चेन तुटली तर बाजारपेठेतला चर्मकार दुरुस्त करून देतो, मी विचारले आहे. स्लीपिंग बॅगा दाबून न ठेवता मोकळ्या टांगाव्या लागतील, आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा कपाट उघडून वारा द्यावा लागेल, नाहीतर बुरशी येते. ते काम मी करीन, नोंदवही मी ठेवीन. चिटणीस साहेबांनी किल्ली द्यायचे कबूल केले आहे. माझी सॅक मी सोमवारी तिथे ठेवतो आहे. ज्यांच्या घरी वापरात नसलेली सॅक पडून असेल त्यांनी ती शाळेत पाठवावी, पट्टा तुटका असला तरी चालेल.