लाल दिव्याच्या आधी बोलणारा काटा

आज आमच्या गटाच्या जीपविषयी सांगायचं आहे. पाटण खोऱ्यातल्या वरच्या वाड्यांमधला घेवडा आणि मिरची कराडच्या मार्केटला न्यायची, तर भाड्याच्या टेम्पोची वाट बघण्यात माल सुकायचा. म्हणून गटानं जुनी डिझेल जीप घेतली. ओळखीच्या फिटरनं इंजिन तपासून दिलं, ते चांगलं होतं. पण डॅशबोर्डवर वेगाचा तेवढा एक काटा हलायचा, आणि तोही त्याच्या मनाला येईल तसा. बाकी सगळी भिस्त लाल दिव्यांवर.

आता या लाल दिव्याचं बघा. ऑईलचा दिवा लागतो तो दाब जवळजवळ संपल्यावर. दाब रोज थोडा थोडा घटत असला, तरी तो गप्पच राहतो. दूध करपल्याचा वास आल्यावर चुलीकडे धावावं, तसला प्रकार. आणि इंजिनाचं हेड तापून वाकलं, तर ते उतरवा, लेथवर घासून घ्या, गॅस्केट नवं घाला, मजुरी वेगळीच. गटाची कित्येक महिन्यांची बचत त्यात जाते. शिवाय अडल्या वेळी बाळंतपणाची बाई याच जीपमधून खाली न्यावी लागते. घाटात मध्येच गाडी बंद पडून चालणार नव्हतं.

म्हणून तीन मीटर बसवायचे ठरवले: पाण्याच्या उष्णतेचा, ऑईलच्या दाबाचा आणि बॅटरीच्या व्होल्टचा. फिटर म्हणाला, बायकांनी कशाला हात काळे करायचे? आम्ही म्हटलं, भांडी घासताना ते काळेच असतात. मग त्यानंच शेजारी बसून दाखवलं, आणि पाना आमच्या हातात दिला.

पहिलं काम बॅटरीची मायनस वायर काढायची. आधी प्लसची काढायला गेलात आणि पाना चुकून पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी पडते. जीपचा सगळा पत्राच मायनसला जोडलेला असतो ना! जोडताना याच्या उलट, मायनस शेवटी.

व्होल्टचा मीटर सगळ्यात सोपा. एक वायर चावीच्या स्विचवरून, मध्ये छोटा फ्यूज घालून, दुसरी पत्र्याला. ही पत्र्याची जागा, म्हणजे अर्थ, पॉलिश पेपरनं चकचकीत घासायची. जुन्या गाडीत निम्मी दुखणी गंजलेल्या अर्थची असतात. दिवे मंद, हॉर्न बसलेला, काटे थरथरतात, आणि लोक बॅटरी बदलत बसतात. गाडी बंद असताना चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, चालू केल्यावर १३.८ ते १४.४. चालू असूनही १३ च्या खाली राहिली, तर चार्जिंग होत नाही, आधी पट्टा बघा. १५ च्या वर गेली, तर बॅटरी उकळते आहे.

ऑईलच्या मीटरसाठी जुन्या दिव्याचा स्विच काढून तिथं टी जोड बसवला. एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला मीटर, म्हणजे दिवाही राहिला. बाजारात यासाठी प्लास्टिकची बारीक नळी मिळते, ती आम्ही घेतली नाही. तिच्यातून गरम ऑईल थेट पायाजवळ येतं, आणि नळी फुटली तर? वायरवर चालणारा सेंडर घेतला. सेंडरच्या आट्यांना नळवाल्यासारखी टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नका. एकाच वायरच्या सेंडरला अर्थ मिळतो तो त्या आट्यांतूनच, टेपनं तो तुटला की काटा खोटं बोलतो.

पाण्याचा मीटर बसवला तो इंजिन पूर्ण गार झाल्यावर, थोडं पाणी काढून. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये. ते म्हणजे कुकरचं झाकणच. आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही, आणि झाकण उघडलंत की एकदम उसळून तोंडावर येतं. त्याची रबरी रिंग कडक झाली होती, तीही बघितली. कुकरची रिंग बदलतो तशीच, पण इथं झाकणच नवं घेतलं. पाण्यात कूलंट घातलं. आमच्याकडे काहीजण नुसतं बोअरचं पाणी ओततात. बंबाला आतून जसा क्षार धरतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत धरतो.

एक गोष्ट फिटरला मान्य झाली नाही. तो थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगत होता, आपल्या हवेला तो नको म्हणे. आम्ही ठेवला. तो नसला की इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल जास्त लागतं आणि झीजही वाढते.

मीटर बसले तरी आकडे कळायला महिना गेला. आमच्या जीपचं पाणी सपाटीला ८५ अंशांवर असतं, भरल्या मालानं दुसऱ्या गिअरवर चढताना ९५ पर्यंत जातं. ऑईल गरम झाल्यावर उभ्या गाडीत १५, चालताना ४० च्या पुढे. हे आमच्या गाडीचे आकडे आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे येतील. चालवणारी घरी आली की वहीत लिहिते, तारखेसकट.

श्रावणात ती कराडहून परत येत होती. चढावर काटा ९५ वरून १०२ वर गेला, आणि मग झपकन खाली आला, ७० वर. तुम्हाला वाटेल, गार झालं, बरं झालं. तिला तसं वाटलं नाही. चढावर भरली गाडी आपोआप गार कशी होईल? सेंडर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पाणीच गेलं, तर तो नुसत्या हवेत लोंबकळतो आणि काटा पडतो. तिनं लगेच गाडी कडेला घेतली, बंद केली. खालचा होज क्लिपजवळ फाटला होता आणि रस्त्यावर पाण्याची रेघ आली होती. पाऊण तास थांबली, झाकणाला हात लावला नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावर होजचं फाटलेलं टोक कापलं, उरलेला होज ओढून क्लिप आवळली, ओढ्याचं पाणी भरलं आणि हळूहळू गाव गाठलं. हेड शाबूत राहिलं.

तेव्हापासून जीपमध्ये दोन क्लिपा, हातभर होज, पाण्याचा कॅन आणि १०-११, १२-१३ चे पाने कायम असतात. ब्रेक, स्टेअरिंग आणि डिझेल पंप यांना आम्ही हात लावत नाही, ते गॅरेजलाच.

डिझेलचा काटा अजून मेलेलाच आहे. टाकीतला फ्लोट अडकलाय, की वायर तुटलीय, हे पुढच्या रविवारी टाकी उतरवून बघू. तोवर वेळूच्या काठीवर खुणा केल्यात, तीच टाकीत बुडवून मोजतो.