जागरणाच्या गावात स्वागत



पलूस नगरीत आपलं मनापासून स्वागत! निद्रानाश आणि डोकेदुखीच्या वर्तनोपचारांची परिषद, आणि स्वागताध्यक्ष द्राक्षबागायतदार? माझी पात्रता एकच, जागरण. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना आभाळ भरून आलं की डावणी रोगाच्या धास्तीनं डोळ्याला डोळा लागत नाही. रात्रीची लाइट असेल तर मोटार सुरू करायला उठायचंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली वसवलेली किर्लोस्करवाडी इथून जवळच. कारखाना आला की रात्रपाळ्याही आल्या. आणि 2019 च्या महापुरानंतर कृष्णाकाठी पावसाची रात्र कशी जाते, हे भिलवडी-ब्रह्मनाळच्या माणसाला विचारा.

मग सकाळी डोकं ठणकतं. मेडिकलमधून गोळी आणायची, चहाबरोबर घ्यायची. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांवर घेत राहिलं, तर त्या गोळीमुळेच डोकं दुखू लागतं, हे आमच्या गळी उतरवा. निर्यातीच्या बागेची फवारणी-नोंद आम्ही चोख ठेवतो. त्याच वहीच्या मागच्या पानावर डोकं कधी दुखलं, किती झोपलो, कोणती गोळी घेतली, एवढं लिहायला काय हरकत आहे?

झोपेचं शास्त्र मला थोडं उफराटंच वाटलं. रिचर्ड बूटझिन यांनी 1972 साली सांगितलं, झोप येत नसेल तर अंथरुणातून उठा. आर्थर स्पीलमन यांनी 1987 साली अंथरुणातला वेळच कमी करायला लावला. आठ तास लोळून साडेपाच तासच झोप लागत असेल, तर आधी अंथरुणात साधारण तेवढाच वेळ. 2016 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हे उपचार सुचवले. मात्र ट्रकचालकाला किंवा फिट येणाऱ्याला झोपेची ही काटछाट परस्पर सांगू नये, हेही आमच्या लोकांना बजावून सांगा.

तज्ज्ञांकडे माझं गाऱ्हाणं एवढंच. रोज एकाच वेळी उठा म्हणता. लाइटची वेळ बदलली की आमची उठायची वेळ बदलते. उठून दुसऱ्या खोलीत बसा म्हणता; ऊसतोड कामगाराच्या खोपीला दुसरी खोली कुठून आणायची? या दोन प्रश्नांना आज वेळ द्या, सत्कार थोडे कमी झाले तरी चालतील.

जेवणाची सोय मागच्या मांडवात आहे. दुपारच्या सत्रात कुणी पेंगलं तर शेजाऱ्यानं खुशाल उठवावं. दिवसा झोपू नये, हे तुमचंच शास्त्र सांगतं.