विमानाचा कारखाना आणि आमच्या घरातला फिटर

आजचा एपिसोड एका फोनमुळे सुचला. हिंगोलीहून माझ्या चुलत भावाचा फोन आला. ‘दादा, मी आयटीआयला फिटरला ॲडमिशन घ्यायलोय, पण पप्पा नको म्हणायलेत. तू सांग ना त्यायला.’ काकांचं म्हणणं एकच, ‘तू बीटेक करून कॉम्प्युटरवर बसलास, अन् याने पाना-हातोडा घ्यावा का?’

काकांना उत्तर द्यायचं म्हणून मी एका कंपनीचा इतिहास काढला. तोच आज तुम्हाला सांगतो.

वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. १९१९ साली त्यांनी सिंधिया स्टीम नेव्हिगेशन काढून इंग्रजांच्या जहाजांशी स्पर्धा मांडली होती. १९३९ मध्ये प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानं जुळवण्याचा धंदा करायचा. वालचंदांच्या डोक्यात विचार आला, चीनमध्ये होतं तर आपल्याकडे का नाही?

म्हैसूर संस्थानाने जागा दिली, भांडवलही घातलं. २३ डिसेंबर १९४० ला बंगळूरमध्ये ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ सुरू झाली. १९४१ मध्ये तिथे जुळवलेलं पहिलं विमान उडालंसुद्धा. विचार करा, ज्या देशात मोटारसुद्धा बनत नव्हती, तिथे विमान!

पण एप्रिल १९४२ मध्ये जपानी बॉम्ब विशाखापट्टणमवर पडले. युद्ध दारात आलं आणि त्याच काळात सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या हातात घेतला. पुढे तिथे अमेरिकन हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती चालली. ज्याने कारखाना उभा केला, तो दीड वर्षात बाहेर! हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

मग कंपनी संपली का? नाही. कारण तोवर तिथे माणसं तयार झाली होती. डॉ. विष्णू माधव घाटगे हे मराठी शास्त्रज्ञ जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली पीएचडी करून आले होते. त्यांच्या टीमचं एचटी-२ हे देशी आराखड्याचं विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. वालचंद तेव्हा हयात होते, १९५३ साली ते गेले.

१९६४ मध्ये या कंपनीची ‘हिंदुस्तान एरोनॉटिक्स’ झाली, म्हणजे आपली एचएएल. नाशिकजवळच्या ओझरला मिग-२१ बनू लागली, नंतर सुखोई-३०. आणि वालचंदांच्याच वालचंदनगरचा, म्हणजे इंदापूर तालुक्यातला कारखाना आज इस्रोच्या रॉकेटसाठी मोटरची पोलादी कवचं बनवतो. साखर कारखान्याच्या गावात!

आता मुद्दा ऐका. आराखडा घाटगेंसारख्या माणसाने काढला, पण रिव्हेट कुणी मारले? पत्रा कुणी वाकवला? फिटर, टर्नर, वेल्डर यांनी. माझ्या कोडमध्ये चूक झाली तर मी उद्या अपडेट टाकतो. हवेत गेलेल्या विमानाचा सैल बोल्ट उद्या आवळता येत नाही.

आणि हे आपल्यापासून लांब नाही. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत जवळजवळ पूर्ण निर्वात. वेल्डिंगमध्ये सुईएवढं छिद्र राहिलं तरी सगळं बिघडलं.

तिथे आपल्याच पोरांना काम मिळेल, अशी खात्री मी देत नाही. पण हातात कसब नसेल, तर कारखाना दारात येऊनही आपण गेटवर वॉचमनच राहू.

एवढं सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘फॉर्मची शेवटची तारीख कधीय?’

तुमच्या घरात असा कुणी फिटर असेल, तर हा एपिसोड त्याच्या पप्पांना पाठवा. भेटू पुढच्या रविवारी!