चिनी मोटार आणि घरचा हिशेब



बोनेटवरील बोधचिन्ह पाहून मोटारीचे कुळ सांगता येते, हा समज आता सोडावयास हवा. एमजी हे जुने ब्रिटिश नाव. पण ते शांघायच्या ‘साइक’ या चिनी सरकारी कंपनीच्या हाती गेले आहे. गाड्या मात्र गुजरातेत हलोलला बनतात, आणि २०२३ च्या करारान्वये जिंदाल समूहानेही तीत ३५ टक्के भाग घेतला. बीवायडी नखशिखान्त चिनी. १९९५ मध्ये शेन्झेन येथे ती निघाली तीच बॅटरी बनविण्यासाठी.

कुटुंबाने तुलना करावी ती नित्याच्या धावेवरून. २०२४ मध्ये एमजीची ‘विंडसर’ साडेतेरा लाखांना आली, कागदोपत्री धाव ३३१ किलोमीटर. बीवायडीची स्वस्तातली ‘ॲटो ३’ पंचवीस लाखांची, धाव ४६८. कचेरी, शाळा, मंडई मिळून दिवसाला चाळीस किलोमीटर धरले आणि कागदी आकडा तिसऱ्या हिश्शाने छाटला, तरी विंडसर पाच दिवस चालते. मग वरचे साडेअकरा लाख कशासाठी?

तीच विंडसर दहा लाखांतही मिळत होती. बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे साडेतीन रुपये. वाचलेले साडेतीन लाख एक लाख किलोमीटरवर, म्हणजे सुमारे सात वर्षांत, भाड्यातच जातात. पुढचे काय, ते करारात वाचावे.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा-चुंबकांची निर्यात परवान्यांनी आवळली. झळ भारतीय कारखान्यांना बसली. देशी नावाच्या विद्युत मोटारींतही चिनी सेल असतात. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्याने शोरूममध्ये आधी तेच विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे.